बुडक्या जहाजाची बोली

ऐक ना, नुसतं ऐक, मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटते. तो वजनमापं तपासणारा माहितीये ना तुला, दुकानादुकानांतून तराजू उलटेपालटे करत फिरणारा? सगळे त्याला शंकासुर म्हणतात. म्हणणारच! हा माणूस साखरेचा पुडा आणला की आधी तोलतो आणि मगच डब्यात ओततो. बायको म्हणते, "मलाही तोलूनच घेतलं असतंत, पण तेव्हा तुमच्याकडे एवढा मोठा काटा नव्हता."

पण त्याच्या घरी रोज संध्याकाळी जे व्हायचं ना, ते ऐकून हसू येत नाही. त्याचे वडील, अण्णा, बसवर कंडक्टर होते. पैशांच्या पिशवीत एखादं वेगळं नाणं आलं की आपल्या खिशातलं त्यात टाकायचे आणि ते घरी आणायचे. असा अख्खा अल्बम भरला त्यांनी. त्यात एक तांब्याचं नाणं होतं, जहाजाचं. टाकसाळीत ठसाच तिरका बसलेला, त्यामुळे जहाज नाक खाली करून बुडतंय असं वाटायचं. कडेला एक खाच. अण्णा त्याला बुडकं जहाज म्हणायचे. आणि एकोणिसाव्या वर्षी शंकासुराने ते विकलं. कशासाठी? गॉगलसाठी! अण्णांनी तेव्हा फक्त तो कप्पा तसाच रिकामा ठेवला.

आता मात्र अण्णांना काही आठवत नाही. रोज चहा झाला की अल्बम उघडतात आणि त्या रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवतात.

"इथलं जहाज कुठंय रे?"

"अण्णा, मी विकलं."

"विकलंस? मला न विचारता?"

आणि त्यांचा चेहरा असा पडतो की बघवत नाही. रात्रीत सगळं विसरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोट, तोच प्रश्न. एकदा शंकासुराने थाप मारून पाहिली, "पॉलिशला दिलंय." तर म्हातारा जेवायचा थांबला, दारात खुर्ची टाकून नाण्याची वाट बघत बसला. म्हणून खरंच सांगावं लागायचं. म्हणजे बघ, चोरी केली एकदा आणि पकडला जातोय रोज.

तर एक दिवस लिलावाची यादी त्याच्या हाती पडली आणि त्यात फोटो! तेच जहाज, तीच खाच. भिंग लावून दहादा बघितलं. पण लिलावाच्या दिवशी रजा मिळेना. साहेबाने दोनदा अर्ज परत केला. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी एक फॉर्म असतो. त्यावर नाव, फोन आणि जास्तीत जास्त किती देणार तो आकडा लिहून पाठवायचा. लिलाववाला तो एका वहीत उतरवतो आणि तिथे तुमच्या वतीने लागेल तसतशी बोली वाढवत नेतो. त्या वहीला ते लोक 'पुस्तक' म्हणतात. शंकासुराने फॉर्म भरला, नाव, फोन सगळं लिहिलं, आणि आकड्यापाशी पेन अडलं.

"आपला शेवटचा आकडा त्यांना आधीच सांगायचा? म्हणजे ते आपल्याला बरोब्बर तिथपर्यंत चढवणार! लुटारू साले!"

"अहो, सगळं जग काय तुमच्याच खिशावर टपून बसलंय का?" बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं," असं म्हणून त्याने फॉर्म फ्रिजवर भिरकावला.

आणि लिलावाच्या दिवशी काय व्हावं? साहेबच आजारी! त्याच्या जागी बसलेल्याने न वाचता रजेवर सही केली. शंकासुर कचेरीतून तसाच निघाला. घरी फोन केला नाही, काही नाही, उगाच बोभाटा नको. लिलावाच्या हॉलच्या दारातल्या टेबलावर नाव विचारलं तर त्याला वाटलं, वजनमापवाला आलाय हे कळलं तर सावध होतील. म्हणून ठोकून दिलं मामाचं नाव! त्यांनी चव्वेचाळीस नंबरची पाटी हातात दिली. बोली लावायची तर ती पाटी वर करायची, बस.

हॉलमध्ये सगळी कोमेजलेली माणसं, ट्यूबलाइट फडफडतेय, खुर्च्या कुरकुरतायत. शेजारी दातांचे डॉक्टर बसलेले, रिटायर. दवाखाना बंद केला, बायको गेली, आता नुसती नाणी. त्यांनी वाकून म्हटलं, "नवीन दिसताय. पुस्तकापासून जपा बरं."

"का?"

"त्यात माणसं नसतात हो! भुतं असतात. भाव चढवायला हे लिलाववालेच आपल्या मनाने आकडे लावतात. सोळा वर्षं बघतोय."

झालं! शंकासुराला शंका पुरवायची म्हणजे बघ!

जहाज आलं. दोन हजारांपासून सुरुवात. तिघं-चौघं होते, पण साडेतीनला सगळ्यांनी पाट्या खाली ठेवल्या. शंकासुराने चार म्हटलं. लिलाववाला, एक वाळका, सर्दीने बेजार झालेला म्हातारा, त्याने वहीत बघितलं. "पुस्तकात साडेचार."

"पाच."

"पुस्तकात साडेपाच."

"सहा!"

"पुस्तकात," म्हातारा शिंकला, "साडेसहा."

डॉक्टरांनी कोपराने ढोसलं. "सांगितलं नव्हतं?"

शंकासुराजवळ होते नऊ हजार, त्यापुढे दमडी नाही. त्याने नऊ म्हटलं. डोळ्यांसमोर अण्णांचं बोट. म्हाताऱ्याने वही बघितली. "पुस्तकात साडेनऊ."

आणि हा ताडकन उठला! "थांबा! कोण आहे तो पुस्तकातला? दाखवा मला! मी लोकांचे काटे तपासतो, मला फसवता? त्या वहीत कुणी नाहीये. तुम्हीच तुमच्या तोंडाने भाव चढवताय!"

काय सांगू तुला, इतकी वर्षं गप्प बसलेली माणसं एकदम पेटली. "बरोबर बोलतोय!" "मलाही असाच चुना लावला होता!" डॉक्टर तर खुर्चीवर चढले. "वही उघडा! वही उघडा!"

म्हाताऱ्याने हातोडा खाली ठेवला. "एकेचाळीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला, "कुणी असं बोललं नव्हतं. नाव मला सांगता येत नाही, त्या माणसाची परवानगी लागते. पण फॉर्मवर फोन नंबर आहे. सगळ्यांसमोर लावतो. त्याने हो म्हटलं तर नाव सांगतो. मग तर झालं?"

"लावा! स्पीकरवर लावा!" शंकासुर ओरडला.

म्हाताऱ्याने चष्मा वर करून एकेक आकडा दाबला. आणि शंकासुराच्या खिशात फोन वाजायला लागला.

आधी त्याला वाटलं योगायोग. चिडून बंद केला. स्पीकरवर आवाज आला, आपण ज्यांना फोन केलाय ते आत्ता बोलू शकत नाहीत. म्हाताऱ्याने परत लावला. परत खिसा वाजला. अख्खा हॉल त्या खिशाकडे बघतोय! तो टेबलापाशी गेला. फॉर्म त्याच्याच अक्षरातला. फक्त आकडा बायकोच्या अक्षरात. पंधरा हजार! तिने फ्रिजवरून काढला होता, शिलाईतून साठवलेल्या पैशांच्या जिवावर आकडा टाकला होता आणि त्याला न सांगता पाठवला होता.

"ही... ही बोली माझीच आहे," तो पुटपुटला.

"काय?" डॉक्टर खुर्चीवरून उतरले आणि फॉर्मवरचं नाव वाकून वाचलं. "तुमचं नाव तर दारावर वेगळंच लिहिलंय. मी तुमच्या मागेच उभा होतो रांगेत."

"ते मामाचं..."

"म्हणजे दोन नावं! इकडूनही हाच, तिकडूनही हाच! अहो, स्वतःच्याच विरुद्ध बोली कोण लावतो? सापडला! पुस्तकातलं भूत सापडलं! हा यांचाच माणूस आहे!"

"अहो नाही हो, मी तर तक्रार केली!"

"तेही नाटक!"

म्हाताऱ्याला एवढ्यातही दया आली बघ. खालच्या आवाजात म्हणाला, "चार हजारांना तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं. मी चारला सोडतो तुम्हाला."

ते डॉक्टरांनी ऐकलं. "वा! घरच्या माणसाला सवलत! आमच्यासाठी कधी उतरवलात भाव?" मागून कुणीतरी ओरडलं, "बोली रद्द करा! पुन्हा लावा! मी बघतो याला कसं मिळतं ते!" पाच-सहा पाट्या नुसत्या रागाने वर झाल्या.

पुन्हा बोली लागली असती तर जहाज गेलंच होतं. शंकासुराने डोळे मिटले. "साडेनऊ," तो म्हणाला. "मला साडेनऊला मान्य आहे."

हातोडा पडला. नऊ त्याच्या खिशात होते. वरचे पाचशे आणि लिलावाची फी नंतर पाठवा, असं म्हाताराच म्हणाला, आणि ते ऐकून डॉक्टर असे हसले की विचारू नकोस. बाहेर पडताना माणसांनी पाय आखडून घेतले, ओला कुत्रा शेजारून जावा तसे. आणि तो सर्दीवाला म्हातारा मान खाली घालून पुढचं नाणं पुकारत होता, पण एकही पाटी वर होत नव्हती.

रस्त्यावर येऊन त्याने घरी फोन लावला. "मिळालं," एवढंच म्हणाला.

"अय्या! खरंच?" बायको किंचाळलीच. "अहो, रागावू नका हं, फॉर्म मी पाठवला होता! त्यांनी तुम्हाला कळवलं वाटतं? अण्णांना सांगू का? नको, तुम्हीच हातात द्या. कितीला मिळालं?"

"साडेनऊ."

ती म्हणाली, "एवढे? मला वाटलं होतं चारेक हजारांत सुटेल. एवढा नडला कोण मेला? वाटोळं होवो त्याचं! दिसला का हो तुम्हाला? कोण होता?"

आता सांग. फोन कानाला आहे, मुठीत जहाज आहे आणि ती वाट बघतेय. तू असतास तर काय सांगितलं असतंस तिला?