मानकात बसणारा खडखडाट

गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी काहीतरी खडखडतं, ही तक्रार सर्वप्रथम सासूबाईंनी केली. तक्रार करण्यास त्या सर्वथा पात्र होत्या. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, फिजिओथेरपीला त्यांना याच गाडीतून नेत असत, आणि मागच्या डाव्या सीटवर त्यांच्याशिवाय कुणी बसत नसे. जावई रस्ते-निरीक्षक होते. नवे रस्ते मानकाप्रमाणे झाले आहेत की नाहीत हे पाहणं आणि ते झाले आहेत असं लिहिणं, हे त्यांचं काम. त्यामुळे खड्डा, हादरा, खडखड असले शब्द घरात कुणी उच्चारलेले त्यांना आवडत नसत.

"जावईबापू, चाकाखाली कुणी डबा वाजवल्यासारखा आवाज येतो," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो आला की माझ्या खुब्यात कळ जाते."

"गाडी नवी आहे, आई."

"नवी मीही होते एकेकाळी."

निरीक्षकांच्या बायकोने दोघांकडे पाहिलं आणि गाडी अधिकृत सेवा केंद्रात दाखवून आणा, एवढंच सांगितलं. तिचा स्वर असा होता, की निरीक्षकांनी त्याच दिवशी रजा टाकली.

सेवा केंद्र चकचकीत होतं. फरशी अशी, की गाडीचं चाक टेकवायला संकोच वाटावा. तिथे मेकॅनिक दिसत नव्हते, सल्लागार दिसत होते. निरीक्षकांच्या वाट्याला आलेला सल्लागार तरुण होता, टाय लावलेला होता आणि अत्यंत नम्र होता. त्याने खडखडीची हकीकत मान डोलावत ऐकली, मग गाडीला एक वायर जोडली आणि कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"सर, खडखड दिसत नाही."

"ती ऐकू येते."

"बरोबर आहे सर. पण इथे दिसायला हवी."

निरीक्षकांना हे पटलं. त्यांच्या खात्यातही जे कागदावर नसे ते रस्त्यावर नसे. कॉम्प्युटरला इंजिनाची नाडी कळे, गिअरबॉक्सचं मन कळे, पण चाकाच्या वर हादरे झेलणारी स्प्रिंग आणि शॉकअप यांच्याशी त्याची बोलचाल नव्हती. तेव्हा जे दिसतं ते दुरुस्त करावं, असं ठरलं. इंजिनाचा ठोका किंचित वर-खाली होत होता. तो सरळ करण्यात आला. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, प्लग बदलले. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा इंजिन चालू आहे की बंद, हे हात लावून पाहावं लागलं.

त्यामुळे खडखड स्पष्ट ऐकू येऊ लागली.

"पूर्वी मधेमधे इंजिनाचा आवाज तरी यायचा," सासूबाई म्हणाल्या. "आता नुसती तीच."

निरीक्षक पुन्हा केंद्रात गेले. सल्लागाराने ही बातमी आनंदाने स्वीकारली. आवाज स्पष्ट झाला, म्हणजे उपचार लागू पडतोय, असं त्याचं म्हणणं होतं. आता गिअरबॉक्स पाहू. गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणजे गिअर बदलण्याचा विचार चालकाने न करता गाडीने करायचा. हा गिअरबॉक्स हुशार असतो, सल्लागाराने समजावलं. चालवणाऱ्याच्या सवयी तो शिकतो. आम्ही त्याची जुनी आठवण पुसून टाकू, ताजं ऑइल भरू आणि नव्याने शिकवू.

शिकवण्याचं काम केंद्राच्या ट्रायल-ड्रायव्हरकडे होतं, आणि त्याला दिवसभरात बऱ्याच गाड्या शिकवायच्या असत. त्याच्या हाताखालून निघालेली गाडी सिग्नल हिरवा होताच अशी उसळली, की निरीक्षकांचा चष्मा मागे सासूबाईंच्या मांडीवर जाऊन पडला. त्यांनी तो परत दिला.  पण फिजिओथेरपीहून येताना त्यांनी दरवाज्याच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि उतरताना मुलीच्या खांद्यावर नेहमीपेक्षा जास्त भार टाकला.

"थोडे दिवस तुम्हीच चालवा सर," सल्लागार म्हणाला. "ती तुमचं वळण घेईल."

तिने घेतलं. काही दिवसांतच गिअरबॉक्स खात्यात मुरला. पुढे जायचं म्हटलं की तो थांबे, विचार करी, जणू वरून मंजुरी येतेय का याची वाट पाही. मागून हॉर्न वाजू लागले की मग सावकाश गिअर टाकी. वर चढायला कुरकुर, खाली यायला मात्र एका पायावर तयार. निरीक्षकांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट गाडी आता आपली वाटते, असं ते म्हणाले. खडखड अर्थातच होती.

तिसऱ्या खेपेला गाडी लिफ्टवर चढवली गेली. खाली वयस्कर मेकॅनिक उभा होता. त्याने मागचं डावं चाक हलवून पाहिलं आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. सल्लागाराने त्याच्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरने न मागितलेला भाग बदलला की वरच्या ऑफिसातून विचारणा होई, आणि त्या विचारणेत मेकॅनिकची एक पगारवाढ आधीच गेली होती. त्याने तोंड मिटलं आणि हाताला लागले तेवढे सगळे नट आवळून टाकले.

आता गाडी लाकडी पाटासारखी झाली. रस्त्यावर पडलेली आगपेटीची काडीसुद्धा सीटपर्यंत पोचू लागली. सासूबाई रात्री कूस बदलताना कण्हू लागल्या, आणि बायको निरीक्षकांशी फक्त कामापुरतं बोलू लागली.

"सर, सस्पेन्शन पूर्ण मानकाप्रमाणे आहे," चौथ्या भेटीत सल्लागार म्हणाला. "राग मानू नका, पण तुम्ही जाता तो रस्ता बघायला हवा."

"तो रस्ता मी पाहिलेला आहे," निरीक्षक थंडपणे म्हणाले. "तो मानकाप्रमाणे आहे."

"गाडीही मानकाप्रमाणे आहे सर."

"रस्त्यावर माझी सही आहे."

"गाडीवर आमची आहे."

 दोन सुसंस्कृत माणसं समोरासमोर होती आणि एकमेकांची सही खोटी म्हणण्याइतकं कुणीच खालच्या थराला जाणार नव्हतं. रस्ता निर्दोष. गाडी निर्दोष. दोघांच्या मधे उरलं काय, याचा शोध घेता घेता दोघांच्याही नजरा बाहेर सोफ्यावर काठी टेकून बसलेल्या सासूबाईंकडे वळल्या.

मग सासूबाईंना बसवून ट्रायल घेण्यात आली. सल्लागार चालवत होता, शेजारी निरीक्षक, मागे डावीकडे सासूबाई आणि उजवीकडे मेकॅनिक. पहिल्याच गतिरोधकावर डबा वाजला.

"हा बघ," सासूबाई म्हणाल्या.

"मला नाही ऐकू आला, आजी," सल्लागार म्हणाला.

"मलाही नाही," निरीक्षक म्हणाले. कारण रस्ता त्यांचा होता.

सासूबाईंनी मेकॅनिककडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

आवाज फक्त एकाच व्यक्तीला येतो, सबब तो त्या व्यक्तीत असावा, या निष्कर्षाला आता कुणाची हरकत राहिली नाही. निरीक्षक सासूबाईंना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि आपल्याच कामाकडे कौतुकाने पाहिलं.

"सांधा उत्तम बसलाय. आमच्याकडून काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही गाडी दाखवलीत का कुठे?"

यानंतर काही दिवसांनी सेवा केंद्राचा फोन आला. निरीक्षक आंघोळीला गेले होते, म्हणून तो सासूबाईंनी घेतला. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, असं पलीकडच्या मुलीने विचारलं. सासूबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला.

"दोन," त्या म्हणाल्या. "एक चहाचा, एक सोफ्याचा."

त्याच संध्याकाळी सल्लागार घरी आला. बरोबर केंद्राचे व्यवस्थापक होते आणि फळांची करंडी होती. इतके दिवस ज्यांच्या दाराशी गाडी न्यावी लागली, ते दोघे चपला काढून हॉलमध्ये बसले. दहाला एक गुण जरी कमी पडला तरी वरचं ऑफिस तो शून्य धरतं, सल्लागाराने सांगितलं. त्याची बायको बाळंत व्हायची होती आणि नोकरी कायम व्हायची होती. हे सांगताना त्याचा आवाज खरोखरच कापत होता.

"अरे बाबा, मग ते चाक का नाही बघितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, चाक बघितल्याचे गुण नसतात."

व्यवस्थापक निरीक्षकांकडे वळले आणि मऊ आवाजात म्हणाले, "हे दोन गुण राहिले तर वरून तपासणी येईल सर. त्यात मग गाडी कोणत्या रस्त्यावर चालते, हेही येईल. तुम्हाला उगाच मनस्ताप."

निरीक्षक घोटभर पाणी प्यायले. मग ते सासूबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन बसले आणि लग्नापासून प्रथमच त्यांचा हात हातात घेतला.

"आई, पोराचं घर चालायला हवं. तुमच्या एका शब्दाचा प्रश्न आहे."

सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मुलगी दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

"गाडीचा आवाज काढायला तुमच्यातलं कुणी वाकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझा बंद करायला मात्र सगळे घरापर्यंत आलात. लावा फोन."

त्यांनी दहा दिले. पलीकडच्या मुलीने आणखी काही सांगायचंय का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाही, आता काही ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या बसने जाऊ लागल्या. निरीक्षक बाल्कनीतून पाहत असत. बसची पायरी उंच होती. सासूबाई आधी काठी वर ठेवत, मग चांगला पाय, आणि मग दुसरा पाय हाताने उचलून. कंडक्टर थांबे. एकदा खाली जाऊन हात द्यावा, असं निरीक्षकांच्या फार मनात आलं. पण त्यांचा गिअर पडेपर्यंत बस निघून गेली होती. गाडीत ते आता रेडिओ मोठा लावतात.

परवा शेजाऱ्याने विचारलं, गाडी सर्व्हिसिंगला कुठे टाकावी. त्याच्या गाडीतही मागून कसलासा आवाज येत होता. निरीक्षकांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. पण आपण फसलो हे सांगणारा माणूस मूर्ख दिसतो, आणि त्यांना हुद्दा होता.

"डोळे मिटून तिथेच टाका," ते म्हणाले. "दहापैकी दहा."

शेजारी सावध माणूस. त्याने फोनवर खात्री करून घेतली. केंद्राला पाचपैकी पाच तारे होते, आणि देणारे शेकडो. एवढी सगळी माणसं खोटं कशाला बोलतील, असा त्याने विचार केला आणि गाडी टाकून आला.

तुम्हीही असाच विचार केला असता. मागच्या खेपेला तुम्हाला गुण विचारणारा असा फोन आला होता, तेव्हा तुम्ही जरा घाईत होता, आणि तो मुलगा बोलायला बरा होता.