भास्करनानांच्या चाळीचा विमा

भास्करनाना खोली दाखवायला नेत आणि ती खोली कशाकशाने नष्ट होऊ शकते, ते आधी सांगत. आग, वीज, नदीचा पूर, भिंतीत घुसलेला ट्रक, दंगल. धाटावच्या कंपनीत नव्याने लागलेला माणूस नळाला पाणी किती वाजता येतं एवढंच विचारायला आलेला असे. तो पूर ऐकून पायरीवर बसे. मग नाना समाधानाने म्हणत, "हे सगळं बसतं."

बसतं म्हणजे पॉलिसीत बसतं. रोह्यात नदीकडच्या आळीत नानांची सहा खोल्यांची चाळ होती आणि तिचा त्यांनी विमा उतरवला होता. आमच्या आळीत लोक स्वतःचा विमासुद्धा मेहुणा एजंट असला तरच उतरवत. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे ती पॉलिसी मला न मागता पाठ झाली. भिंती, छप्पर, मालकाने लावलेले पंखे, हे बसतं. पुरा-आगीने खोली राहण्याजोगी उरली नाही, तर बुडालेलं भाडं बसतं. जिन्यावरून कुणाचा पाहुणा घसरून पडला आणि भरपाई मागू लागला, तर तेही बसतं. वाळवी, ओल, जुनेपणा नाय बसत. भाडेकरूचं सामान तर अजिबात नाय, त्याचं त्याने बघायचं. आणि यात एक गोष्ट जरी खोटी सांगितली, तर सगळा दावा गेला. हे शेवटचं सांगताना नाना आवाज खाली आणत, देवळात बोलावं तसा.

ही सवय कुठवर जाई? लग्नात जेवायला बसले की यांचं लक्ष जिलेबीकडे नसे, मांडवातल्या उघड्या वायरींकडे असे. त्यांची बायको गेली तेव्हा मी जाऊन बसलो. मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघेच. नाना म्हणाले, "माणसाचा येगळा काढावा लागतो. मी घराचाच काढला." मला हसू आलं आणि हसू आल्याची लाज वाटली.

कोपऱ्यातल्या खोलीत सुनंदा राहायची. माहेर जिते गावचं. नवरा धाटावला शिफ्टला जायचा, तो काविळीने गेला. त्यानंतर ती ब्लाउज शिवून पोट भरायची. नाना तिच्याशी दोनच विषय बोलत. स्टोव्ह भिंतीपासून लांब ठेव, आणि इस्त्री बंद केलीस का गो. आळीत सगळे म्हणत, म्हाताऱ्याला भिंतीचीच काळजी. मीही तेच म्हणत असे.

एका श्रावणात कुंडलिका नदी चाळीत शिरली. सगळ्यांना वेळेवर शाळेत नेलं म्हणून माणसं वाचली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर मागची भिंत पडून कोपऱ्यातली खोली नदीकडे उघडी पडली होती. सुनंदाची शिलाई मशीन वाहून गेली होती, लोखंडी कपाट चिखलात आडवं झालं होतं. ती त्याच्याशेजारी नुसती बसून होती. रडतही नव्हती.

विम्याचा माणूस पाहणीला आला. नानांनी भाडेकरार काढून दिले, पडलेली भिंत दाखवली, गंजलेले पंखे दाखवले. इतकी वर्षं जे घोकलं ते आता कामी येत होतं, सगळं बसत होतं. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीत शिरताना नाना म्हणाले की वाहून गेलेली मशीन आणि हे कपाट आपलंच, खोलीसोबत दिलेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्या माणसाने कपाटाचं दार ओढून उघडलं. आपल्याकडे लग्नात दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय देणाऱ्याला चैन पडत नाही. आत लाल रंगात ठसठशीत लिहिलं होतं, चि. सौ. कां. सुनंदा हिस मामांकडून सप्रेम भेट. मेला तो रंग पुरानेही गेला नव्हता.

"हे तुमचं?" त्याने विचारलं.

"माझ्या मुलीचं," नाना म्हणाले.

त्याने हातातले करार चाळले. करारात तर ही बाई भाडेकरू आहे, असं तो शांतपणे म्हणाला.

सगळा दावा नामंजूर झाला. असं होतं हे आळीत नानांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी ते बोलून गेले होते. मला त्यांचा राग आला. भिंत उभी राहिली नाही. भाडेकरू धाटावच्या बाजूला खोल्या बघून एकेक करून गेले. सुनंदा उघड्या खोलीपुढे ताडपत्री बांधून दसऱ्यापर्यंत राहिली, मग भावाने तिला जित्याला बोलावून घेतलं.

ती जायच्या आदल्या दिवशी नाना आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, मुलीला पाठवताना काय काय देतात? मला कधी द्यायची पाळी आली नाय."

बायको चुलीकडे तोंड करून सांगत गेली. लुगडं, नारळ, तांदूळ, पोहे, वाल. विधवेला नारळ देत नाहीत, हे ती बोलली नाही.

स्टेशनवर मी सोबत होतो. नानांनी पाठीवरची गोणी बाकावर ठेवली आणि वर नारळ ठेवला. सुनंदा म्हणाली, "एवढं कशाला, नाना? भाऊ इचारील ना, कोणी दिलं म्हणून."

"बापाने दिलं, सांग," नाना म्हणाले.