ब्रेव्हाल साहेबांचे गोत्र

आष्ट्याचे पेन्शनर सुभेदार बाबाजीराव यांना कोणी कूळ विचारले की ते इंग्लंडातील एका सरदार घराण्याचे सांगत. त्यांच्या पुतणीच्या सोयरिकीत पुरोहित या नात्याने मी उपस्थित होतो. वरपक्षाने कुळाची चौकशी केली. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"मूळ पुरुष राल्फ. गाव नॉर्मंडीत, दर्याच्या कडंला. राजासंगं नावंतनं इंग्लंडात उतरला, लढाई मारली, वतन मिळालं. त्येचा ल्योक ह्यूगो. लय तापट—"

"आवं सुभेदार," वरपिता काकुळतीने म्हणाला, "पोरगी नक्की कुनाची हाय?"

ही वंशावळ त्यांच्या पलटणीतील ब्रेव्हाल साहेबांची. महायुद्धात सुभेदारांनी ती साहेबांकडूनच मुखोद्गत केली होती, आणि वेदपाठी ब्राह्मणाने हेवा करावा असे त्यांचे पठण होते. स्वतःच्या पणजोबांचे नाव मात्र त्यांना मला विचारावे लागे.

तो काळ इंग्रजाला घालवून देण्याचा. पारावर लोक छेडीत, "आवं, इंग्रज गाशा गुंडाळाय लागलाय, आन तुमी त्येच्या पिढ्या मोजताय व्हय?"

"ह्यो इंग्रज न्हाई रं, नॉर्मन हाय," सुभेदार गरजत. "इंग्रजाला पयलं ह्येनीच हानलाय!"

एका सर्वपित्री अमावास्येला ते तीळ आणि दर्भ घेऊन माझ्याकडे आले.

"साहेबाला पानी द्याचं हाय. आफ्रिकेत लढाईत गेला. लगीन न्हाई, भाऊबंद न्हाई. घरानं तितंच बुडालं. त्येचं गोत्र सांगा, शास्त्रीबुवा."

"गोत्र अज्ञात असेल तेथे काश्यप उच्चारावे, अशी शास्त्राची सोय आहे."

"अज्ञात?" सुभेदार दुखावले. "आठशे वर्सांची नावं पाठ हायती, आन अज्ञात?"

त्यांनी राल्फपासून आरंभ केला. मी सगळ्या पिढ्या शांतपणे ऐकल्या; ऋषी कोठेही आढळला नाही. अखेर ते मोठ्या कष्टाने काश्यपावर राजी झाले.

आम्ही नदीवर गेलो. सुभेदारांनी ओंजळीत तीळ आणि पाणी घेतले.

"आता त्यांचे तुमच्याशी नाते सांगा," मी म्हणालो. "स्वामी, म्हणजे धनी, म्हणू? स्वामीलाही तर्पण विहित आहे."

सुभेदारांनी ओंजळ सावरली.

"धाकला भाऊ म्हना," ते हळूच म्हणाले. "चोवीस वर्सांचं पोरगं हुतं. तोफा सुरू झाल्या की थरथरायचं. मंग मी म्होरची पिढी इचारायचो. सांगता सांगता भ्या इसरायचं."

मी 'भ्रातरम्' असा उच्चार केला. त्यांनी ओंजळ सोडली.