सावळेरामनं बिघडवलेली हवा

गोरखचा फोन आला तेव्हा सावळेराम अंगणात जीपखाली उताणा पडला होता. बायकोनं, भागूबाईनं, भावाला काय काय कबूल केलं ते त्याला चाकांच्या मधून ऐकावं लागलं. तो अंग झटकून बाहेर निघेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. गोरख चिंचवडच्या कंपनीतून रजा काढणार, पाडव्यानंतरच्या शनिवारी बायकोला, प्राचीला, घेऊन अवसरीला येणार, आणि तिथून चौघांनी तीन-चार दिवस कुठंतरी फिरायला जायचं. कुठं, ते ठरायचं होतं. जीप कुणाची आणि हाकायची कुणी, ते मात्र ठरलं होतं.

"लग्न झाल्यापासनं मी मंचरच्या पुढं गेले ती बाळंतपणाला," भागूबाई म्हणाली. "आता तोंड वाकडं करू नका."

सावळेरामचं तोंड वाकडं व्हायचं कारण वेगळंच होतं. त्या रविवारी लोणीची यात्रा होती, यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होती, आणि शर्यतीत पाखऱ्या पळणार होता. पाखऱ्या हा भिमाजीच्या गोठ्यातला पांढराशुभ्र बैल. गावाला तो भिमाजीचा म्हणून ठाऊक होता. त्याच्या शेपटाकडचा अर्धा भाग सावळेरामचा आहे, हे फक्त भिमाजीला, सावळेरामला आणि पाखऱ्याला माहीत होतं.

भागूबाईला कळून चालणार नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, ओरडता ओरडता सावळेराम गाड्याला आडवा गेला होता. खांद्याचं हाड मोडलं. महिनाभर भागूबाईनं त्याला घास भरवला, आणि हात गळ्यातून निघाला त्या दिवशी भैरोबासमोर उभं करून घाटात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेववली. शपथ त्यानं पाळलीही होती, पाखऱ्या दिसेपर्यंत. या हंगामात जीपच्या वडापातल्या पाशिंजरांचं निमित्त सांगून दोन घाट त्यानं चोरून केले. दोन्हीकडं पाखऱ्या सुटला वाऱ्यासारखा आणि निम्म्यात ढिला पडला. एकदा दोष बैलांपुढं घोडी पळवणाऱ्याला दिला, एकदा चिखलाला. लोणीला मात्र तो पहिला येणार, यात सावळेरामला तिळमात्र शंका नव्हती. आणि तो येताना आपण घाटात नसायचं म्हणजे पोरीच्या लग्नात बापानं जनरेटर सांभाळत बसायचं.

जीप बिघडवता आली असती. पण गोरख दुसरी गाडी करील आणि दाजींना मानानं पुढच्या सीटवर बसवील, हे त्याला माहीत होतं. सहल मोडायची नव्हती, फक्त एक आठवडा पुढं ढकलायची होती. त्यासाठी त्यानं हवेचं निमित्त धरलं.

हवेच्या बाबतीत ती सगळी मंडळी नाजूक होती. उन्हानं गोरखच्या पाठीवर घामोळं उठायचं. थंडीनं भागूबाईचा खोकला सुरू व्हायचा. आभाळ भरून आलं की प्राचीचं अर्धं डोकं दुखायचं. म्हणून गोरखनं फोनवर बजावलं होतं, जागा कुठलीही चालेल, हवा बरोबर पाहिजे.

"टीव्हीवर सांगत्यात त्यावर जाऊ नका," सावळेराम म्हणाला. "ती बाई इस्त्रीचं पातळ नेसून बंद खोलीत उभी ऱ्हाती. तिला काय हवा लागती? मी ट्रकवाल्यांना इचारतो. मंचरच्या मार्केटातनं गाड्या कुठं जात न्हाईत?"

हे सगळ्यांना पटलं. जो माणूस काल रात्री कोबी घेऊन घाट उतरला, त्याच्याइतकं हवामान कुणाला कळणार?

पहिलं नाव महाबळेश्वरचं निघालं. सावळेराम मंचरला चहा पिऊन आला आणि म्हणाला, ट्रकवाला थंडीनं काकडलाय, दोन दिवस झाले तरी स्टेअरिंगवरची बोटं सरळ होत नाहीत. महाबळेश्वर बाद झालं. मग कोकण निघालं. कोकणात इतकं ऊन, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतायत. नाशिकला गारपीट. औरंगाबादला धुळीचं वादळ, समोरचं लेणं दिसत नाही. सावळेरामला मजा यायला लागली. पहिल्या पहिल्यांदा तो निदान चहाच्या टपरीपर्यंत जात होता. पुढं पुढं त्यानं तेही सोडलं आणि गोठ्यामागं विडी ओढून परत येऊन हवा सांगू लागला.

घोटाळा तिथंच झाला. कुणाला काय सांगितलं ते त्याच्या ध्यानात राहीना. भागूबाईला त्यानं महाबळेश्वरची थंडी सांगितली होती. गोरखचा फोन आला तेव्हा, हा घामोळ्याचा माणूस आहे एवढंच आठवलं आणि त्यानं महाबळेश्वरला ऊन पाडलं. प्राचीनं फोन घेतला तेव्हा तिच्या डोक्याचा विचार करून थोडा पाऊसही पाडला. बहीणभाऊ आपसांत बोलले आणि दोघंही चक्रावले.

"अवं, एकाच गावाला थंडी, ऊन अन् पाऊस?" भागूबाईनं विचारलं.

"डोंगराळ मुलूख हाय," सावळेराम म्हणाला. "सकाळी येक, दुपारी येक. बाजारपेठेच्या हिकडच्या अंगाला येक, तिकडच्या अंगाला येक."

यावर ती जायचंच नको म्हणेल, असा त्याचा हिशोब होता. भागूबाईनं दुसराच हिशोब केला. पेटीतले कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले स्वेटर तिनं बाहेर काढले, छत्र्या झटकल्या, इरली नाहीत म्हणून खताच्या गोणीचे प्लास्टिक कागद धुऊन वाळत घातले, आणि उन्हासाठी पातळ लुगडी वेगळी काढली. आता हवा कशीही असू दे, असं ती म्हणाली. तिकडं गोरखही तसंच करत होता.

सावळेरामला घाम फुटला. त्यानं भिमाजीला धरून मंचरच्या एस.टी.डी. बूथवर नेलं आणि गोरखच्या घरी फोन लावून दिला. भिमाजीनं व्हायचं होतं रत्नागिरीच्या लॉजचा मालक.

"तुमच्या दाजींनी नंबर दिलावता," भिमाजी जमेल तेवढा नाकातून बोलला. "पावणं, सध्या येऊ नका. लई उकडतंय."

खोलीतून समुद्र दिसतो का, असं गोरखनं विचारलं.

"दिसतो, पण बघवत न्हाई."

तेवढ्यात मागं स्टँडवरच्या भोंग्यातून आवाज आला, मंचर-भीमाशंकर गाडी फलाट दोनवर लागली आहे. गोरखनं विचारलं, हे काय? भिमाजीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आमच्याकडनं लई लोक देवाला जात्यात." मग त्यानं फोन ठेवून कपाळ पुसलं. पुन्हा असलं काम सांगशील तर बैलाचा अर्धा भाग कापून तुझ्या दारात टाकीन, असं तो सावळेरामला म्हणाला.

शेवटचा धक्का घरातूनच बसला. सगळीकडचीच हवा बिघडली असेल तर लोणीला मावशीकडं यात्रेला जाऊ, असं भागूबाईनं काढलं. मावशीच्या ओट्यावरून घाट दिसतो, हे सावळेरामला चांगलं माहीत होतं. भंडाऱ्यानं पिवळा झालेला, बैलाच्या कानाला लागलेला आपला नवरा भागूबाईला तिथून पहिल्या नजरेत दिसला असता.

"लोणी?" तो म्हणाला. "नाव काढू नको. कालच ट्रकवाला सांगत व्हता. तिकडं इतकं ऊन, की शेळ्या सावली बघून भांडत्यात. जीव नकोसा व्हईल. अगं, आपल्या हितल्यासारखी हवा आज महाराष्ट्रात कुठं न्हाई."

बोलून गेल्यावर त्याला बरं वाटलं. एवढ्यावर सहल रद्द, असं त्याला वाटलं.

शनिवारी गोरख आणि प्राची आले ते तीन ऋतूंचं सामान घेऊन. गोरखनं चहा घेतला, मिशीवरचा फेस पुसला आणि आपला निर्णय सांगितला.

"दाजी, मी तर पार गोंधळून गेलोवतो. पण तुमचंच खरं. आक्कानं सांगितलं, इथल्यासारखी हवा कुठं न्हाई. मग लांब जायचंच कशाला? आपलं जुन्नर कुठं बघितलंय आपण? उद्या नाणेघाट, शिवनेरी, लेण्याद्री, सगळं करू. परवा भीमाशंकर."

सावळेरामनं कपबशी खाली ठेवली. "उद्या?" तो म्हणाला. "उद्या त्यापरीस लोणीची यात्रा..."

"लोणीला शेळ्या भांडत्यात म्हणला ना?" भागूबाई म्हणाली.

पहाटे निघायच्या आधी भिमाजी रस्त्यावर टेम्पोत पाखऱ्याला चढवत होता. सावळेरामनं काचेतून त्याला मुकाट हात केला. भिमाजीनं पुढच्या सीटवरची भागूबाई बघितली आणि जीप ओळखीची नसल्यासारखं केलं.

मग दिवसभर जे झालं त्याचा अर्थ सावळेरामला अजून लागलेला नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी पोचले तर खालून धुकं आणि गार वारं असं उसळलं, की चौघांचे दात वाजायला लागले. भागूबाईनं स्वेटर वाटले. शिवनेरीच्या पायऱ्यांवर दुपारी दगड असा तापला, की गोरखनं स्वेटर काढून डोक्यावर छत्री घेतली. लेण्याद्रीवरून उतरताना ओतूरच्या बाजूनं काळं आभाळ आलं आणि टपोरा वळीव असा झोडपायला लागला, की खताचे कागद पांघरून सगळे जीपकडं पळाले. जी हवा त्यानं गोठ्यामागं बसून महाराष्ट्रभर वाटली होती, ती सगळी एका दिवसात जुन्नर तालुक्यात परत आली.

आणि एवढं होऊन कुणाचं काही दुखलं नाही. गोरखची पाठ वाऱ्यानं सुखावली होती, प्राची पावसात हसत होती, आणि भागूबाई खोकायची विसरली होती. शिवनेरीवरून तिनं सगळ्या दिशांची धरणं आणि डोंगर विचारून घेतले. सावळेराम सांगत होता, पण तोंड त्याचं सारखं पूर्वेकडं होतं. तिथून लोणी दिसत नाही हे त्याला कळत होतं, तरी दोनदा त्याला हलगी ऐकू आली. दुसऱ्यांदा ती गोरखच्या पाण्याच्या डब्यात खुळखुळणारी लिंबं निघाली.

परतताना नारायणगावला चहाला थांबले. तिथं खरोखरच्या ओळखीचा एक ट्रकवाला भेटला. महाबळेश्वरहून आलो, तो म्हणाला, आणि टपाला पडलेले पोचे दाखवले. गारा पडतायत, लिंबाएवढ्या. रात्री अंगावर घोंगडी घेऊन गाडी हाकली. सावळेरामनं ऐकून घेतलं. आता त्याचं काय करायचं?

दिवेलागणीला अवसरीत शिरले तर वेशीलगतच्या त्यांच्या घरासमोरच हलगी वाजत होती. या वेळी लिंबं नव्हती. भंडाऱ्यानं न्हालेला घोळका रस्ता अडवून चालला होता, पुढं भिमाजी नाचत होता, आणि मध्ये गळ्यात हार घातलेला पाखऱ्या. सावळेराम जीपमधून उतरायच्या आत पाखऱ्यानं मान वळवली, घोळका फोडला आणि थेट येऊन त्याच्या सदऱ्याच्या खिशात नाक खुपसलं. रोजच्या गुळाची जागा त्याला पाठ होती.

"सावळ्या," भिमाजी आनंदानं बेभान झाला होता, "आपला पाखऱ्या घाटात पहिला आला."

हलगी थांबली. भागूबाई जीपच्या पायरीवर उभी होती.

"आपला म्हंजी कुणाकुणाचा?" तिनं विचारलं.

भिमाजीला आता माघार नव्हती. त्यानं अर्ध्या बैलाचं सांगून टाकलं. मग चोरून केलेले दोन घाटही सांगितले, कारण त्याला त्याहून महत्त्वाचं काही सांगायचं होतं.

"वैनी, रागावू नका, पण आज सगळ्यांच्या ध्यानात आलंय. ह्यो घाटात असला की वरडतो. ह्याचा आवाज ऐकला की ते जनावर पळायचं सोडून गुळासाठी मागं बघतं. आज ह्यो नव्हता, तर बाण सुटावा तसं गेलं. आता येवढी किरपा करा. जिथं पाखऱ्याची पळायची बारी असंल, त्या दिवशी ह्याला लांब कुठंतरी घेऊन जा."

घोळक्यानं माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, जेवढं लांब तेवढं चांगलं. सावळेराम पाखऱ्याकडं बघत होता. पाखऱ्या खिसा चघळत होता.

गोरखचं मात्र त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. तो डोळे बारीक करून भिमाजीचं बोलणं ऐकत होता. "राव, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय," तो म्हणाला. "तुमचा रत्नागिरीला लॉज हाय का?"

भिमाजीनं सावळेरामकडं बघितलं. सावळेरामनं आभाळाकडं बघितलं. भागूबाईनं दोघांकडं बघितलं आणि तिला कोंबड्यांच्या उकडलेल्या अंड्यांपासून भांडणाऱ्या शेळ्यांपर्यंत सगळं एकदम लख्ख दिसलं. ती तडक घरात गेली. आता काठी घेऊन येणार म्हणून घोळका दोन पावलं मागं सरला. ती ओवाळणीचं ताट घेऊन आली. तिनं बैलाला ओवाळलं, भिमाजीला कुंकू लावलं, नवऱ्याला वगळलं, आणि पुढची बारी कधी आहे ते विचारलं.

येत्या रविवारी, भिमाजी म्हणाला. मग त्याच्या पुढच्या रविवारी. चैत्र-वैशाखात यात्रांना काय तोटा?

"गोरख, रजा हाय का रं?"

"रविवारला कशाला रजा, आक्का? शनिवारी रातपाळी सोडून येतो की."

"मग येत्या रविवारी महाबळेश्वर," भागूबाई म्हणाली. "त्याच्या पुढं कोकण. पाखऱ्या पळंल तसं आपण फिरू."

"भागे," सावळेराम कळवळून म्हणाला, "महाबळेश्वरला खरंच गारा पडत्यात. लिंबायेवढ्या. नारायणगावला आताच ट्रकवाला भेटला."

आधी प्राची हसली, मग गोरख, मग अख्खा घोळका. भिमाजी तर बैलाच्या गळ्यात पडून हसला. गोरखनं आत जाऊन टीव्ही लावला. बातम्यांत हवामान लागलं, आणि इस्त्रीचं पातळ नेसलेल्या बाईनं राज्यात सर्वत्र हवा कोरडी आणि आल्हाददायक राहील असं सांगितलं. भागूबाईनं सगळे स्वेटर पाला घालून पेटीत परत टाकले आणि पातळ लुगडी वर काढून ठेवली.

मंडळी जेवायला बसली तेव्हा सावळेरामनं पेटी हळूच उघडली. आपला तेवढा स्वेटर काढला, त्याची नीट घडी घातली, आणि तो जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली सारून ठेवला.