आंब्रेकाकांचं बाकडं

दर शुक्रवारी दुपारी साडेचारला आंब्रेकाका हवाई बेटांवर जातात आणि साडेपाचला परत येऊन रात्रीच्या भाजीसाठी कांदे चिरायला बसतात.

आखातातल्या हिद्द गावात, आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी बंदराजवळच्या एका ऑफिसात क्लार्क. काका चिपळूणकडचे, अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात पॉटरूमला. तिथं धातू वितळून लाल झालेला असतो आणि काका त्याच्यापुढे आठ तास उभे असतात. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी ज्वालामुखीची बेटं बघायला जावं, हे मला काही केल्या पटत नसे.

"काका, आग काय कमी बघता?" मी एकदा विचारलं.

"आमच्या पॉटरूममध्ये हिरवं काय असतं सांग. एक्झिटची पाटी, बास. तिथला लाव्हा कधीच थंड झालाय. आता नुसतं रान आहे, ओलं गार."

जाणं म्हणजे काय, तर माझ्या कॉम्प्युटरवरच्या नकाशात. बाण दाबला की माणूस चार पावलं पुढे सरकतो. पण काकांची तयारी खरी. डोक्यावर टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, कानात फोनची वायर आणि पायात कारखान्यातले सेफ्टी शूज. "लाव्हावर चप्पल चालत नाही," हे कारण. डब्यात दोन घावनं. ती अर्ध्या वाटेवर खायची, त्याआधी नाही.

बेटांवरची बारा स्टेट पार्कं त्यांनी बारा महिन्यांना वाटून दिली होती. मे महिन्यात काळ्या वाळूचा किनारा, ऑगस्टमध्ये ढगांत बुडालेली दरी, ऑक्टोबरात अकाकाचा धबधबा. एकच पार्क महिन्यातल्या सगळ्या शुक्रवारी. मी म्हटलं, "जग एवढं मोठं आहे, जरा स्वित्झर्लंडला जाऊन या." तर म्हणाले, "आधी हे नीट होऊ दे."

एकदा मी हिशोब मांडून दाखवला की तिथं आत्ता पहाटेचे साडेतीन वाजलेत, पार्कचं फाटक बंद असणार. काका दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "चित्रात ऊन पडलंय ना? मग उघडंच आहे."

चालताना ते पुटपुटत असायचे. "पायरी आली. रेलिंग धरून. यल्ला, चला, सावकाश." रेलिंग धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही, हा त्यांच्या कारखान्याचा नियम. तीस वर्षांत तो अंगात मुरलाय, असं मी धरून चाललो होतो. मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. सगळे पोट धरून हसायचे.

मागच्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी माणसं कमी पडली म्हणून काकांना ड्यूटीवर बोलावलं. खाली बस हॉर्न देत होती. काकांनी आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

"प्रकाश, आज तू जा. दोन वर्षांत एक शुक्रवार चुकलेला नाही, आज चुकायला नको. अकाका. साडेचारला तुला फोन येईल, कानात वायर घाल." आणि दारातून वळून म्हणाले, "पायऱ्या आहेत. रेलिंग धरून."

साडेचारला फोन वाजला.

"मी काकी बोलते, चिपळूणहून. आज तू नेणार आहेस ना रे मला?"

काकी आजारी असतात एवढंच मला ठाऊक होतं. त्यांची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्या अंथरुणातच, हे त्यांनीच सांगितलं. समोरच्या भिंतीवर काकांनी कधीतरी साहेबाकडून मिळालेलं, याच बेटांच्या बारा चित्रांचं कॅलेंडर टांगून दिलंय. साल उलटून गेलं, पण जाऊबाई अजून महिना बदलला की पान बदलतात. "चित्रातलं मला सगळं पाठ आहे," काकी म्हणाल्या. "चित्राच्या कडेपलीकडे काय आहे, ते हे जाऊन बघतात नि सांगतात."

मी भराभर बाण दाबत सुटलो. "हे बांबू आले काकी. हे मोठ्या पानांचे नेचे. हा ओढा, आणि हा धबधबा. झालं, खलास." चार मिनिटंसुद्धा लागली नसतील.

"जरा हळू चल रे बाळा," काकी म्हणाल्या. "बांबूंच्या पुढे बाकडं आहे ना, तिथं आम्ही नेहमी बसतो. मला दम लागतो."

मी मागे गेलो. बांबूंपासून धबधब्यापर्यंत एकेक पाऊल तपासलं. ओली वाट होती, रेलिंग होतं, बाकडं कुठंच नव्हतं. आणि मग काकांची ती नक्कल आठवली आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

"आलं काकी बाकडं," मी म्हणालो. "बसा. मीही बसतो."

आम्ही बसलो. मी डबा उघडून घावन खाल्लं. बांबूंतून ऊन खाली उतरलं होतं, ते त्यांना सांगितलं.

काका रात्री आले. सेफ्टी शूज काढता काढता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाकड्यावर बसवलंस?"

"बसवलं. पाच मिनिटं."

"दहा बसवायचं," काका म्हणाले. "पुढे चढ आहे."