झाडाचा राखणदार

घरजावई होणार नाही, हे मी सावाकोला फार आधीच बजावून ठेवलं होतं. तिच्या वडिलांची डोंगरउतारावर युझूची बाग, ती एकुलती एक मुलगी, तिची आई कधीच गेलेली. असा म्हातारा जावयाला बागेत जुंपायला टपलेला असणार, हे कळायला ज्योतिषी कशाला हवा? माझा बेत पक्का होता. तोडणीच्या दिवसांत रजा काढून जायचं, कामाचा असा धडाका लावायचा की तिच्या वडिलांनी, गेंझोकाकांनी, तोंडात बोट घालावं, मग मुलगी मागायची आणि तिला घेऊन थेट ओसाका गाठायचं. ओसाकात मी फोनवरून छपाईची यंत्रं विकायचो. लोकांना नको असलेलं यंत्र गळ्यात मारणारा माणूस मी, एक म्हातारा काय जड जाणार होता!

युझू म्हणजे लिंबाच्या जातीचं पिवळंधमक फळ. वास असा की गाडी वळणावर आली की गाव आल्याचं कळावं. पण झाडाला काटे आहेत आणि ते माणूस बघून टोचतात. पहिल्या दिवशीच माझ्या दोन्ही हातांवर मांजराशी भांडल्यासारखे ओरखडे उठले. देठ दोनदा कापायचा, पहिल्यांदा झाडापासून आणि दुसऱ्यांदा अगदी फळालगत, नाहीतर तो टोपलीत शेजारच्या फळाला भोसकतो, हे काकांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला ते "ओसाकाकर" म्हणत आणि तेही माझ्याशी नव्हे, सावाकोशी. "ओसाकाकराला मलम दे." बस्स.

संध्याकाळी मी आणि सावाको वेड्यावाकड्या फळांचा मुरांबा करायचो. साली चिरायच्या, उकळून कडूपणा काढायचा, साखर घालून ढवळत बसायचं. तेवढ्यावर मी त्यात तरबेज झालो. निदान मला तसं वाटलं.

शेवटच्या दिवशी सकाळी काका आणि सावाको माल घेऊन खाली गावच्या सहकारी सोसायटीत गेले. मला आराम करायला सांगितलं होतं. मी ओसरीत चहा पीत बागेकडे सहज पाहिलं आणि ताडकन उभा राहिलो. प्रत्येक झाडाच्या शेंड्याला एकेक फळ लटकत होतं! एवढे अनुभवी बागायतदार आणि अशी हलगर्जी? माझ्या मनात आलं, नाओया, हीच वेळ. शिडी घेतली, काट्यांना शिव्या घातल्या आणि एकूण एक फळ उतरवलं, देठ दोनदा कापून. मग त्यांचाच मुरांबा शिजवला. बरण्या खिडकीत मांडल्या. उन्हात त्या अशा चमकत होत्या की मलाच माझा हेवा वाटला.

सावाको आधी वर आली. काका खाली कुणाशी तरी बोलत थांबले होते. तिनं बरण्या पाहिल्या, हसली, मग कोपऱ्यातली वेड्यावाकड्या फळांची टोपली पाहिली. ती भरलेलीच होती.

"मग शिजवलंस काय?"

"तुम्ही झाडावर विसरला होतात ती."

तिचं हसू जिथल्या तिथे थिजलं. मला खाली बसवून तिनं सांगितलं की ती फळं कुणी विसरलं नव्हतं. तोडणी संपली की प्रत्येक झाडावर एक फळ ठेवायचं. तो झाडाचा राखणदार. तो थंडीत झाड सांभाळतो आणि पुढच्या वर्षीची फळं बोलावतो. तिच्या आजोबांच्या आजोबांपासून कुणीही त्याला हात लावला नव्हता. आणि आज दुपारी तिचे बाबा साके, म्हणजे तांदळाची दारू, घेऊन सगळ्यात जुन्या झाडाला नमस्कार करायला जाणार होते.

म्हणजे अख्खी राखणदारांची फौज मी साखरेत घोटली होती. मुलगी मागायची तर आजच, आणि मी तर सासऱ्याची झाडं उघड्यावर टाकून बसलो होतो. मला खरोखर रडू आलं. सावाकोनं मात्र टोपली उचलली आणि शिवणाचा डबा माझ्या हातात कोंबला. डब्यात दोरा फक्त लाल होता. आम्ही धावलो. ती फळं द्यायची, मी शिडीवर चढून बांधायचो. एक फळ चेपलेलं, एक चामखिळींचं, एक तर बटाट्यासारखं. दोरा संपत आला तेव्हा काकांचा खोकला ऐकू आला.

काकांनी जुन्या झाडाच्या बुंध्यावर साके ओतली, टोपी काढली आणि कमरेत वाकले. नेमकी तेवढ्यात गाठ सुटली. बटाट्यासारखा राखणदार थेट त्यांच्या टकलावर आदळला.

काकांनी फळ उचललं. त्याला लोंबणारा लाल दोरा बराच वेळ पाहिला.

"गाठ कुणी मारली?"

"मी," मी म्हणालो. आणि मग घाबरून सगळंच सांगितलं, मुरांब्यापर्यंत.

काका सगळी बाग फिरून आले, घरात बसले, बरणी उघडली आणि चमचाभर मुरांबा खाल्ला. मग आणखी एक चमचा.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "पण राखणदार बरणीत गेले. झाडं कोण राखणार?"

मी बरणीचं झाकण लावलं.

"ज्यानं ते काढले, त्यानं उभं राहायचं. पुढच्या वर्षी नवे राखणदार येईपर्यंत."

सावाको चहाच्या पेल्यात तोंड लपवून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं मला वाटलं, म्हणून मी लगेच हो म्हणालो. ओसाकाला साहेबांना कळवलं की झाडांची राखण करायची आहे, वर्षभर येता येणार नाही. त्यांनी काळजीच्या सुरात डॉक्टरचा पत्ता दिला. वसंतात लग्न झालं. दारावरच्या पाटीवर काकांच्या, म्हणजे आता बाबांच्या, नावाखाली माझंही नाव लागलं. तात्पुरतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

वर्ष सरलं. यंदा प्रत्येक झाडावर राखणदार मी स्वतःच्या हातानं ठेवला, सगळ्यात गोमटा निवडून. प्रत्येकाला नमस्कार केला. शिक्षा संपली, आता ओसाका, असं सावाकोला सांगून निवांत झोपलो.

सकाळी उठलो तर घरभर गोड वास. स्वयंपाकघरात बाबा पातेलं ढवळत होते. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हातांवर ताजे ओरखडे. मी खिडकीतून बागेकडे पाहिलं. एकाही शेंड्यावर पिवळा ठिपका नव्हता.

"बाबा, ती फळं..."

"झाडावर विसरून राहिली होती," बाबा म्हणाले आणि चाखायला चमचा माझ्यापुढे धरला.