आहेराची चादर

कपाटाचा खालचा कप्पा रिकामा बघून महेश्वरी मटकन खाली बसली आणि लगेच उठली, कारण आज बसायला वेळच नव्हता.

"प्रियंका! हितली मोराची चादर कुटंय?"

"सिद्धेश्वरी काकूंच्या बाळाच्या बारशाला दिली की. तूच म्हणालीस, कपाटातलं काहीतरी घेऊन जा."

"अगं, आपलं घर होतं त्यात!"

नवरा पुण्याला कामधंदा बघून येतो म्हणून गेला, तो अजून बघतोच आहे. मागे राहिल्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दोन खोल्या, त्यांच्यावरचं कर्ज आणि प्रियंका. महेश्वरीनं शाळांचे गणवेश शिवून तिन्ही वाढवली. कर्ज जरा जास्तच वाढलं होतं. पण आता शेवटचा तुकडा उरला होता. बँकेतल्या साहेबांनी आज बोलावलं होतं. पैसे भरायचे, घराचे कागद घ्यायचे आणि संध्याकाळी गल्लीला गव्हाची गोड हुग्गी जेवू घालायची. गहू भिजतही पडले होते. नोटा तिनं चादरीच्या घडीत ठेवल्या होत्या. चोर काहीही नेईल, पण सोलापुरात चादर कोण चोरणार?

चोराचा तिनं विचार केला होता, आहेराचा राहून गेला.

शेजारच्या गौरम्मा अक्का आरडाओरडा ऐकून आल्या. "पैसे काय चादरीत ठिवत्यात व्हय? शाणी बाई असं करती का?"

"अक्का, शाणपण नंतर. आधी चला."

हुसेनसाबची रिक्षा दारातच उभी राहिली. "कल मेरी मुमताज का निकाह है, फिर भी तुमारे वास्ते आया. टेन्शन नक्को लेव आपा."

सिद्धेश्वरी पाळणा हलवत होती. चादरीचं विचारताच ती लाजली. "वैनी, राग मानू नका. शिवबाई मावशींच्या सत्यनारायणाला दिली. पण उघडली न्हाय हां! जशी आली तशी दिली."

महेश्वरीचा जीव भांड्यात पडला. आहेराची चादर पांघरायला नसतेच, ती पुढं सरकवायला असते. पिशवीची चेनसुद्धा कुणी ओढत नाही. या रीतीला तिनं आजवर नावं ठेवली होती. आज मनातल्या मनात हात जोडले.

रिक्षा पुन्हा पळाली. गौरम्मा अक्का वाटभर बोलत होत्या. "पैसे चादरीत! माज्या सुना ऐकल्या तर हसून मरत्याल."

शिवबाई गहू निवडत बसल्या होत्या. "मोराची? ती तर आत्ताच नातीबरोबर पाठवली. एका घरी कार्य हाय आज."

"कुणाच्या घरी, मावशी?"

"अगं बये, तुज्याच की!"

महेश्वरी घरी पोचली तेव्हा बँक बंद व्हायला आली होती आणि आहेर सुरू झाले होते. कोपऱ्यात चादरींची थप्पी लागली होती. सगळ्या पिशव्या सारख्या आणि सगळ्यांवर मोर. हुग्गीचा वास सुटला, पंगत बसली आणि पाहुण्यांच्या देखत यजमानीण आहेर फोडू लागली!

"आई, लोक बघतायत!"

"बघू दे."

"लोक काय म्हणत्याल गं?" गौरम्मा अक्का कुजबुजल्या. "कुणी काय दिलं ते जेवायच्या आधी तपासती व्हय?"

पंगतीतले हात थांबले. चौथी चादर झटकली आणि नोटांचं पुडकं उडून थेट शिवबाईंच्या ओटीत पडलं. शिवबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई! एवढा आहेर दिला मी?"

घर हसून हसून गडबडा लोळलं. महेश्वरी हसता हसता रडली, आणि दोन वाढप्यांनी त्या आनंदात हुग्गीत दोनदा तूप घातलं. फक्त गौरम्मा अक्का एकाएकी गप्प झाल्या, आणि दुसरी वाढ न घेता उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पैसे भरून, कागद छातीशी धरून महेश्वरी पळतच घरी आली. उंबऱ्यावर गौरम्मा अक्का बसलेल्या. डोळे तारवटलेले.

"अक्का, सुटलं घर! आपलं झालं!"

"लई चांगलं झालं गं. ते... माजी चादर कुटली होती?"

"का हो?"

"उगं. बगायची होती." अक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. "काल रिक्षातनं उतरल्यावर घाईत हाताला लागली ती दिली की गं. सुनांच्या भीतीनं माजी बोरमाळ त्यात ठिवलेली. रातभर कपाट उपसलं."

महेश्वरीनं हसू गिळलं आणि हाक मारली. "प्रियंका, न उघडलेल्या चादरी कुटं हायत?"

"उघडलेल्या पांघरायला ठेवल्या. न उघडलेली एकच उरली होती, ती मुमताजदीदीच्या लग्नाला देऊन आले सकाळी." तिनं आईकडं बघितलं. "का? आता काय झालं?"

गौरम्मा अक्कांनी बसल्या जागेवरून गल्लीत रिक्षा शोधली. रिक्षाही मिळणार नव्हती. रिक्षावाला आज नवरीचा बाप होता.

"उठा अक्का," महेश्वरी पदर खोचत म्हणाली. "चादरीमागं कसं पळायचं ते मला आता येतंय."

घराचे कागद मात्र तिनं कपाटात ठेवले नाहीत. काखेत घट्ट धरले आणि निघाली.